पदयात्रेचा शिधा

वर्ध्याहून नागपुराकडे जाणाऱ्या सडकेवर पांच मैलांच्या सुमारास धाम नदी लागते. तिच्या तीरीं पवनार हें गांव आणि टेकाडावर विनोबांचा आश्रम आहे. धामेपलीकडचें ठिकाण म्हणून विनोबांनीं त्यास परंधाम असें नांव दिलें. या आश्रमांतून निघालेल्या पदयात्रांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें. भूदानाचें तत्त्वज्ञान, त्याचें यश, त्याचें अपयश, एकरांचे आंकडे, या सर्वांची यथास्थित चर्चा झाली. परंतु कोणत्याहि गृहिणीस जो प्रश्न प्रथम सुचेल तो या चर्चेंत क्वचितच आढळतो. तो हा कीं, हीं माणसें जेवत काय होतीं आणि तें अन्न कोणाच्या कोठींतून येत होतें? रोज दहाबारा मैल चालणारा मनुष्य रोज जेवतो; आणि ज्या गांवीं तो जेवतो तेथील चुलीचा इतिहास त्याच्या पावलांच्या इतिहासाइतकाच खरा असतो. प्रस्तुत लेखांत आम्ही या चुलीकडूनच पदयात्रेकडे पाहणार आहों.

प्रश्न क्षुद्र नाहीं, हें अनेक दिवस चालणाऱ्या धांवण्याच्या शर्यतींवरून कोणासहि पटेल. अशा शर्यती आज जगभर होतात. त्यांची तयारी जवळून पाहिली म्हणजे पायांपेक्षां पोटाचाच विचार अधिक झालेला दिसतो. दर तासास किती पाणी, किती मीठ, कोणत्या मुक्कामीं कोणती पिशवी आधीं पोंचवावयाची, पायास फोड आल्यास औषध कोणाजवळ, सोबतच्या मोटारीनें कोठें थांबावयाचें, याचें टिपण शर्यतीच्या कित्येक आठवडे आधीं तयार असतें. १९८६ सालीं सुरू झालेल्या सहारा वाळवंटांतील शर्यतींत सुमारें २५० किलोमीटरांचें अंतर आठवड्याभरांत तोडावयाचें असतें. तेथें धांवणारानें आपलें अन्न आपल्याच पाठीवर वाहावें, तें दिवसाकाठीं निदान २००० कॅलरींचें असावें आणि पाणी तेवढें व्यवस्थापकांनीं पुरवावें, असा दंडक पडला. याच्या उलट न्यूयॉर्क येथें १९९७ पासून होणारी ३१०० मैलांची शर्यत वस्तींतील एकाच चौकोनाभोंवतीं साडेपांच हजारांवर फेऱ्या घालून पुरी करितात. तेथें स्वयंपाकघर जागच्या जागीं राहतें आणि धांवणाराच त्याच्याभोंवतीं फिरतो!

पाठीवर घेऊन जाणें किंवा कोठीभोंवतीं फिरणें हे दोन मार्ग सोडले तर तिसरा एकच उरतो, आणि तो म्हणजे वाटेवरच्या लोकांकडून घेणें. हा मार्ग सर्वांत जुना, सर्वांत सोपा आणि, आमच्या मतें, सर्वांत धोक्याचा आहे. कारण त्यांत खर्च नाहींसा होत नाहीं, तो केवळ दृष्टीआड होतो. १९२८ सालीं अमेरिकेंत सी. सी. पाइल नांवाच्या एका तमासगीर व्यापाऱ्यानें लॉस एंजिल्सपासून न्यूयॉर्कपर्यंत धांवण्याची शर्यत लाविली. मुक्कामाच्या गांवांनीं शर्यत आपल्याकडे उतरते या मानाबद्दल पैसे द्यावे आणि त्यांतून मंडळीचा खर्च भागावा, असा त्याचा हिशेब होता. गांवांनीं हात आखडता घेतला. परिणाम असा झाला कीं, जेवण आणि बिछाना या दोहोंविषयीं धांवणारांची तक्रार अखेरपर्यंत राहिली. १९९ जण निघाले, ८४ दिवसांनीं ५५ जण पोंचले. पहिला आलेला अँडी पेन हा वीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा २५ हजार डॉलरांचें बक्षीस घेऊन घरीं गेला आणि पाइल बुडाला. गांवांनीं पैसे कां द्यावे, हा प्रश्न त्यास निघण्यापूर्वीं सुचला नव्हता.

हाच प्रश्न पवनारच्या परिसरांत दीड हजार वर्षांपूर्वीं सुचलेला होता, असें म्हटल्यास वाचकांस आश्चर्य वाटेल. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. पुढें कांहीं संशोधकांनीं तो मान रामटेकजवळच्या मनसरास दिला. या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. आम्हांस प्रयोजन आहे तें प्रवरपुराहून दिलेल्या ताम्रपटांचें. अचलपुराजवळील चम्मक गांवचा ताम्रपट प्रसिद्धच आहे. एक हजार ब्राह्मणांस तें गांव दान देतांना राजानें त्यास कोणकोणत्या जाचांतून मोकळें केलें, याची यादी त्यांत आहे. गांवांत शिपाई व राजपुरुष शिरणार नाहींत. पाळीपाळीनें गाईबैल द्यावे लागणार नाहींत. फुलें व दूध पुरवावें लागणार नाहीं. फिरतीवर येणाऱ्या अधिकाऱ्यास जनावरांचा चारा, बसावयास कातडें आणि शेगडीस कोळसा द्यावा लागणार नाहीं. सर्व प्रकारची वेठ माफ.

ही यादी वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें दान घेणारे ब्राह्मण उभे राहत नाहींत. ज्या गांवांस अशी सनद मिळाली नाहीं तीं गांवें उभीं राहतात. कारण माफी ज्याची मिळते तें ओझें इतरांच्या डोक्यावर नित्याचें असतें. राजाचा माणूस वाटेनें आला कीं दूध, चारा, कातडें, कोळसा हें सर्व गांवानें काढून द्यावयाचें, हा त्या काळचा साधा व्यवहार होता. प्रवास करणारा रिकाम्या हातांनीं येई आणि त्याचा शिधा त्याच्यापुढें आपोआप उभा राही. त्या 'आपोआप' शब्दांत किती माणसें राबत, हें ताम्रपटाच्या एका ओळीवरून ताडतां येतें.

राज्यें बदललीं, तरी हा व्यवहार बदलला नाहीं. मराठी अमदानींत वेठबिगार होती. इंग्रज अधिकारी जिल्ह्यांत फिरतीवर निघाले म्हणजे अंडीं, कोंबडीं, दूध, सरपण, गवत यांची 'रसद' गांवानें पुरवावी आणि ओझीं उचलण्यास माणसें द्यावीं, ही रीत देशभर रूढ होती. कुमाऊंच्या डोंगराळ भागांत तर कोणत्या गांवानें केव्हां किती हमाल द्यावे याच्या वह्याच असत. १९२१ च्या जानेवारींत मकरसंक्रांतीच्या यात्रेस बागेश्वर येथें जमलेल्या लोकांनीं त्या वह्या सरयू नदींत बुडविल्या आणि ती वेठ कायमची बंद पाडली. अशा देशांत कोणी सत्पुरुष शेंपन्नास माणसें घेऊन गांवोगांव पायीं फिरूं म्हणेल, तर त्याच्या यात्रेंत आणि साहेबाच्या फिरतींत गांवकऱ्यास फरक कशावरून कळावा?

यावर कोणी म्हणेल कीं, महाराष्ट्रास या बाबतींत दुसऱ्याकडून शिकण्याचें कारण नाहीं. आमची वारी आहे. तें खरें आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या पालखीच्या वाटचालीस तीन आठवडे लागतात आणि एवढ्या लाखों लोकांचें जेवणखाण कोणत्याहि सरकारी खात्यावांचून होत आलें आहे. हैबतबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या सोहळ्यास शिस्त लाविली. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरदारांनीं दिले. परंतु वारीचा खरा कणा दिंडी हा आहे. दिंडीचा वारकरी आपली भिशी आधीं भरतो. त्या पैशांतून शिधा घेतला जातो, पूर्वीं बैलगाडी आणि आतां ट्रक तो वाहतो, आचारी मंडळी पहाटेच पुढें जाऊन मुक्कामीं राहुट्या ठोकते व चूल पेटविते, आणि पाण्याचा टँकर मागाहून येतो. वाटेवरचीं गांवें पिठलेंभाकरी, केळीं, चहा देतात तें पुण्य म्हणून. दिंडी त्यावर विसंबून नसते. म्हणजे वारीनें प्रश्न असा सोडविला कीं, वारकरी आपलें ओझें बरोबर घेतो आणि गांवचें जें मिळेल तें वरकड समजतो.

आम्हीं स्वतः एकदां एका दिंडीबरोबर चाललों होतों. दुसऱ्या कीं तिसऱ्या मुक्कामाच्या वाटेवर शिध्याची गाडी चिखलांत रुतली आणि दुपार टळली तरी पुढें आली नाहीं. आम्ही चाळीसपंचेचाळीस माणसें एका लहानशा वस्तीवर थांबलों. तेथल्या चार घरांतील बायांनीं कांहीं न विचारतां पिठाचे डबे बाहेर काढले. भाकरी उत्तम होत्या आणि भूकहि होती. परंतु जेवून उठल्यावर एका घरांत डोकावलों तेव्हां घरची म्हातारी डब्याच्या तळाचें पीठ हातानें झाडून घेत होती. ती हंसून म्हणाली, "माउलीचं आहे, माउली देईल." गाडी संध्याकाळीं आली, दिंडीच्या प्रमुखांनीं माणूस पाठवून त्या वस्तीवर दोन पायली ज्वारी पोंचती केली. या लेखाचा विषय आमच्या मनांत त्या दिवशीं आला. वारीविषयीं आणखी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. इरावती कर्वे यांनीं 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखांत नमूद केलें आहे कीं, एकाच दिंडींत चालणारीं ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवावयास मात्र वेगवेगळी बसत, आणि ती गोष्ट त्यांस फार लागली. चालणें एक झालें तरी चूल एक होण्यास वेळ लागतो.

आतां दांडीकडे वळूं. कारण पवनारच्या यात्रेची वाट दांडीवरूनच येते. १२ मार्च १९३० रोजीं गांधीजी अठ्ठ्याहत्तर सोबत्यांसह साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिल रोजीं २४१ मैल चालून दांडीस पोंचले. या कूचाची योजना किती बारकाईची होती हें पाहण्यासारखें आहे. वल्लभभाईंनीं मार्गावरचा मुलूख आधींच हिंडून ठेविला होता. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण तुकडी' मुख्य मंडळीच्या पुढें जाऊन मुक्कामाची सिद्धता करी. गांवकऱ्यांस आगाऊ सूचना होत्या कीं, अन्न अगदीं साधें असावें, पक्वान्न करूं नये, पानसुपारी आणि चहा यांवर खर्च करूं नये, निजण्यास स्वच्छ जागा असली म्हणजे पुरे. त्याबरोबर गांवची माहितीहि मागविली होती: लोकसंख्या किती, अस्पृश्य किती, चरखे किती, गाईम्हशी किती, मीठ किती खपतें, शेतसारा किती. वाकाटकांचा राजपुरुष गांवाकडून दूध घेई. येथें गांवांत दूध किती आहे हें आधीं विचारलें जात होतें. हा फरक लहान नव्हे. गांधीजी थकले तर बसण्यासाठीं म्हणून बरोबर एक घोडा ठेविला होता, त्यावर ते बसले नाहींत.

एवढी काळजी घेऊनहि व्हावयाचें तें झालेंच. सुरत जवळ येऊं लागली तसतसा सत्कार करणारांचा उत्साह वाढत गेला. रात्रींच्या वाटचालींत पेट्रोमॅक्ससारखे प्रखर दिवे मजुरांच्या डोक्यावर देऊन पुढें चालविले जाऊं लागले, आणि दूध आणण्यासाठीं मोटारलॉरी सुरतेस धाडल्याचें गांधीजींच्या कानीं आलें. २९ मार्चच्या रात्रीं भाटगाम येथें त्यांनीं जें भाषण केलें तें आमच्या मतें सबंध दांडीकूचांतील सर्वांत महत्त्वाचें भाषण होय. समुद्रकांठीं मीठ उचलण्याच्या प्रसंगाइतकें तें प्रसिद्ध नाहीं, हें आमचें दुर्दैव. त्याच महिन्याच्या आरंभीं व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं त्याच्या महिना २१ हजार रुपये पगाराचा हिशेब मांडून तो सामान्य हिंदी माणसाच्या उत्पन्नाच्या पांच हजारपटींहून अधिक असल्याचें दाखविलें होतें. आतां आपल्याच मुक्कामावर गरिबांच्या जिवावर अशी उधळपट्टी होत असेल तर तें पत्र लिहिण्याचा आपणांस अधिकार काय, असें त्यांनीं आपल्या लोकांस भर सभेंत विचारलें. सत्याग्रहाची सर्व नैतिक शक्ति त्या रात्रीं एका दुधाच्या लॉरीवर येऊन ठेपली होती, आणि गांधीजींस तें कळलें.

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीस परतावयाचें नाहीं अशी प्रतिज्ञा असल्यानें गांधीजी पुढें वर्ध्यास आले आणि १९३६ पासून सेवाग्रामीं राहूं लागले. विनोबा तर १९२१ पासूनच वर्ध्यास होते. अन्नाचा हिशेब हा त्यांचा जुना अभ्यास होता. वर्ध्याजवळील नालवाडीस असतां दिवसभर सूत काढावें आणि त्या मजुरींत जेवढें बसेल तेवढेंच खावें, असा प्रयोग त्यांनीं केला. त्या मजुरींत पोट भरत नाहीं हें देशांतील कातणारणींस ठाऊक होतेंच. विनोबांनीं तें आपल्या पोटावर सिद्ध केलें. प्रकृति खालावली, वजन नव्वद पौंडांच्या आंत आलें, तेव्हां गांधीजींनीं हवापालट करण्यास सांगितलें. १९३८ सालीं त्यांनीं थंड हवेच्या एखाद्या डोंगरावर न जातां जमनालाल बजाज यांचा पवनारचा बंगला निवडला. १९५० सालीं येथेंच 'कांचनमुक्ती'चा प्रयोग सुरू झाला: पैशानें कांहीं विकत घ्यावयाचें नाहीं, बैलहि जुंपावयाचे नाहींत, विहीर हातांनीं खणावयाची, रहाट हातांनीं ओढावयाचा आणि पिकेल तें खावयाचें.

हा प्रयोग चालू असतांच सर्वोदय संमेलनाचें निमंत्रण आलें. संमेलन हैदराबादेजवळ शिवरामपल्लीस होतें आणि विनोबांची जाण्याची इच्छा नव्हती. शंकरराव देवांनीं आग्रह धरिला, तेव्हां ते येण्यास कबूल झाले, परंतु पायीं. पैसा वर्ज्य केलेल्या मनुष्यास आगगाडीचें तिकीट कोठून मिळणार? म्हणजे ज्या पदयात्रेंतून पुढें भूदान निघालें ती प्रथमतः कोठीच्याच नियमांतून निघाली, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ८ मार्च १९५१ रोजीं निघून गोदावरी ओलांडून तीनशें मैलांवर अंतर चालून ते ७ एप्रिल रोजीं शिवरामपल्लीस पोंचले. दिवसास सुमारें दहा मैल पडले.

हे दहा मैल सोपे नव्हेत. चैत्राच्या तोंडावर वऱ्हाड आणि तेलंगण यांतील ऊन ज्यास ठाऊक आहे त्यास ही वाटचाल पहाटे तीनचारलाच कां सुरू होई हें सांगण्याची गरज नाहीं. कंदिलाच्या उजेडांत निघावें, ऊन चढण्यापूर्वीं मुक्कामाचें गांव गांठावें, दुपार लोकांच्या भेटींत घालवावी, संध्याकाळीं प्रार्थना व सभा, आणि लवकर निजावें. या क्रमामुळें पाण्याचा अर्धा प्रश्न सुटे. अन्नाच्या बाबतींत विनोबांची स्वतःची गरज विलक्षण मर्यादित होती. पोटांतील व्रणाच्या विकारामुळें दूध, दही आणि थोडा गूळ किंवा मध असें हलकें अन्न थोडथोड्या वेळानें घेण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्याची देखरेख महादेवीताईंकडे असे. धांवणाऱ्यांच्या आहारशास्त्रानें अलीकडे जो नियम बसविला आहे, कीं थोडें थोडें आणि वेळच्या वेळीं घ्यावें, तो येथें आजारानें शिकविला होता.

१८ एप्रिल रोजीं तेलंगणांतील पोचमपल्लीस काय घडलें तें सर्वश्रुत आहे. तेथील हरिजनांनीं ऐंशीं एकर जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी यांनीं शंभर एकर देऊं केली, आणि पदयात्रेस एक काम मिळालें. पावसाळा पवनारास काढून, नियोजन आयोगाशीं विचारविनिमय करण्यासाठीं पंतप्रधान नेहरूंनीं बोलाविलें तेव्हां, विनोबा १२ सप्टेंबरला पुन्हां पायींच निघाले आणि १३ नोव्हेंबरला दिल्लीस राजघाटावर पोंचले. ६२ दिवसांत सुमारें ८०० मैल, म्हणजे दिवसास तेरा मैलांच्या आंतबाहेर. वाटेंत गांधीजयंतीच्या दिवशीं सागर येथें त्यांनीं पांच कोटी एकरांची मागणी देशापुढें ठेविली.

या आंकड्याबरोबर यात्रेचें स्वरूप बदललें. पवनारहून निघालेली मूठभर माणसें कोणत्याहि गांवास जड नव्हतीं. परंतु उत्तर प्रदेश आणि बिहार येथें यात्रेमागें कार्यकर्ते, पुढारी, बातमीदार आणि परदेशी जिज्ञासू यांची रीघ लागली. हॅलम टेनिसन आला, लांझा देल वास्तो आला. दोघांनींहि पुढें ग्रंथ लिहिले. प्रत्येक जिज्ञासूस दोन वेळां जेवण लागतें. मग मुक्काम ठरविण्यास प्रांतिक भूदान समित्या आल्या, समित्यांस कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांच्या खर्चासाठीं गांधी स्मारक निधीचें साह्य आलें. १९५२ च्या डिसेंबरांत चांडिल येथें विनोबांस घातक हिंवतापानें गांठलें. औषध घेण्यास ते प्रथम तयार नव्हते, मोठ्या मिनतवारीनें त्यांनीं तें घेतलें. त्या आजारानें एक गोष्ट सर्वांस दिसली: एवढी मोठी यंत्रणा एका अशक्त देहाच्या दोन पायांवर उभी होती.

गांवाच्या बाजूनें हें कसें दिसे? आमच्या परिचयाच्या विदर्भांतील एका वृद्धेच्या गांवीं १९५८ सालीं, यात्रा महाराष्ट्रांत असतां, मुक्काम पडला होता. ती तेव्हां नुकतीच सासरीं आलेली होती. भाषण काय झालें तें तिला आठवत नाहीं, आणि तें ऐकण्यास ती गेलीहि नव्हती. तिला आठवतें तें एवढेंच कीं, आदल्या रात्रीं वाड्यांत तीन जातीं चालू होतीं आणि पहाटेपर्यंत दळण सरलें नाहीं. सासऱ्यांनीं जमीन दिली. तिचें नांव दानपत्रावर आलें. दळणाऱ्यांचें कोठेंच आलें नाहीं. ती हें तक्रार म्हणून सांगत नाहीं. विनोबांविषयीं तिला आदरच आहे, आणि ते तिच्या अंगणावरून गेले याचा अभिमानहि आहे. परंतु यात्रेच्या खर्चाचा खरा जमाखर्च मांडावयाचा तर त्या तीन जात्यांस त्यांत जागा दिली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. निर्मला देशपांडे यांनीं यात्रेचें जें वृत्त लिहून ठेविलें तें अमोल आहे. दळणाचें वृत्त मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

विनोबांस या ओझ्याची जाणीव नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. दांडीकूचांत भाटगामचें जें स्थान, तेंच भूदानयात्रेंत पळणीचें आहे. १९५६ च्या नोव्हेंबरांत तमिळनाडूंतील पळणी येथें त्यांनीं असा निर्णय घेतला कीं, गांधी स्मारक निधीचें साह्य यापुढें घ्यावयाचें नाहीं आणि प्रांतोप्रांतींच्या भूदान समित्या विसर्जित करावयाच्या. यास त्यांनीं निधिमुक्ति आणि तंत्रमुक्ति अशीं नांवें दिलीं. दूरच्या तिजोरींतून येणारा पैसा थांबला म्हणजे कार्यकर्ता ज्या गांवीं काम करील तेथील लोकांच्याच आधारावर जगेल, आणि लोकांस तो नको असेल तर उपाशी राहील, ही त्यामागची भूमिका होती. पुढें 'सर्वोदयपात्र' आलें: घरोघर एक भांडें ठेवावें आणि त्यांत रोज लहान मुलाच्या हातानें मूठभर धान्य टाकावें. एका घरावर शंभर भाकरींचा भार पडण्याऐवजीं शंभर घरांवर एकेका मुठीचा पडावा, हा विचार हिशेबाच्या दृष्टीनेंहि चोख होता.

पळणीच्या निर्णयाबद्दल दोन मतें आहेत. पदयात्रेच्या दृष्टीनें तो योग्य होता असें आम्ही समजतों. चालणाऱ्याचें अन्न वाटेवरच्या माणसानें खुषीनें दिलेलें असेल तरच त्याच्या शब्दास गांवांत वजन येतें. तिजोरीच्या पैशावर चालणारा पाहुणा आणि फिरतीवरचा साहेब यांत अंतर थोडेंच. परंतु भूदानाचें काम चालण्यानें संपत नव्हतें. दानपत्र झालें म्हणजे जमीन मोजणें, ती वादग्रस्त आहे कीं पडीक आहे हें पाहणें, सातबाऱ्यावर किंवा त्या त्या प्रांताच्या दप्तरांत नोंद करणें, भूमिहीनास ताबा देणें आणि पहिल्या पेरणीस बीं व बैल मिळवून देणें, हें सारें उरे. याला पाय नकोत, कचेरी लागते. पगारी माणसें, वह्या आणि टपालखर्च लागतो. समित्या मोडल्यावर हें काम ज्यांच्या गळ्यांत पडलें त्यांच्यापाशीं यांतलें कांहींच नव्हतें. चाळीस लाख एकरांवर दान जमलें आणि त्यांतील फार मोठा भाग वांटला गेला नाहीं, याचें कारण दात्यांची अप्रामाणिकता एवढेंच नव्हे. यात्रेचा शिधा आणि कामाचा शिधा हे दोन वेगळे आहेत हें पळणीस ध्यानांत आलें नाहीं, असें आम्हांस नम्रपणें म्हणावेंसें वाटतें. ज्या भूमिहीनाच्या हातांत नुसतें दानपत्र राहिलें त्याला निधिमुक्तीचें मोल कसें पटावें?

यात्रा मात्र चालतच राहिली. काश्मीर, चंबळचें खोरें, आसाम, १९६२ च्या सप्टेंबरांत पूर्व पाकिस्तानांतील गांवें, असें करीत करीत १० एप्रिल १९६४ रोजीं विनोबा पवनारास परतले. तेथें १९५९ पासून ब्रह्मविद्यामंदिर हें स्त्रियांचें साधनास्थान सुरू झालें होतें. आपलें धान्य व भाजी आपण पिकवावी आणि स्वयंपाक व झाडलोट आळीपाळीनें सर्वांनीं करावी, असा तेथील क्रम. जवळजवळ तेरा वर्षें दुसऱ्यांच्या चुलीवर जेवलेल्या यात्रेकरूस घरच्या चुलीचें जेवण असें मिळालें.

पुढल्याच वर्षीं ग्रामदानाच्या 'तूफान' मोहिमेसाठीं विनोबांस बिहारांत जावयाचें होतें. वयास सत्तर वर्षें झालीं होतीं आणि प्रकृतीनें पायांची साथ सोडली होती. या खेपेस ते मोटारीनें फिरले. दिवसास दहा मैलांचा हिशेब संपला, आणि दोन मोठ्या मुक्कामांमधल्या गांवांना पीठ दळण्याचा निरोप येईनासा झाला.